रेनमीटर: मराठी ओळ न तोडता डावीकडून उजवीकडे कशी उघडायची?

पॉवरक्लिप:

राम राम मंडळी. इचलकरंजीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून एक जुना मॉनिटर लावलाय, त्यावर रेनमीटरची (विंडोजच्या डेस्कटॉपवर आपल्याला हवी ती माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) एक स्किन, म्हणजे आपण मांडलेला एक पडदा, चालते. वर दुकानाचं नाव, खाली तयार कामांची यादी. "शुभविवाह पत्रिका, प्रूफ तयार", "वास्तुशांती फ्लेक्स, छापून झाला" अशा ओळी. यादी एका इन्क्लूड फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून लिहितो, स्किन रिफ्रेश मारतो, झालं. लोक आल्या आल्या "आमचं झालं का हो" विचारायचे, ते आता स्क्रीनकडे बघतात. तेवढी डोकेदुखी कमी झाली.

हवं काय, तर नवीन ओळ धाडकन उमटण्यापेक्षा कुणीतरी लिहीत गेल्यासारखी उघडावी. एका परदेशी स्किनमधली टाइपरायटरची ल्युआ स्क्रिप्ट उचलली. इंग्रजीत झकास चालते. मराठीत पार वाट. "श्री" म्हणून सुरू होणाऱ्या ओळीला आधी चौकोन येतो, मग श, मग परत चौकोन. पुतण्याने स्क्रिप्ट बदलून बाइटऐवजी कोड (एकेका चिन्हाचा युनिकोड क्रमांक) मोजायला लावले, चौकोन गेले. पण आता आधी श, मग पाय मोडलेला श्, मग श्र, मग श्री. "विवाह" लिहिताना आधी नुसता व येतो आणि मागून डावीकडे वेलांटी घुसली की व पुढे ढकलला जातो. त्यात ओळ मधोमध जुळवलेली, म्हणजे दर ठोक्याला सगळीच ओळ इकडून तिकडे. काल एका काकांनी विचारलं, मशीन बिघडलंय का?

कुणीतरी म्हणालं मास्क वापर. मास्क म्हणजे काय ते मला कोरलमध्ये (कोरलड्रॉ, आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) चांगलं कळतं, दिवसभर तेच करतो. रेनमीटरमध्ये ते कुठे असतं आणि हलवायचं कसं, एवढंच सांगा. पीसी जुना आहे, चार जीबी रॅम, त्यावरच कोरल पण चालतं. जड काही नको.

—

खटपट्या:

तुमचं टोपणनावच तुमचं उत्तर आहे, पण ते पुढे.

आधी मुळातली गोष्ट. मराठी ओळ कापून दाखवायचा नाद सोडा. पुतण्याने कितीही चांगली स्क्रिप्ट लिहिली तरी ती स्ट्रिंग कापणार, आणि जोडाक्षर बनवायचं काम स्ट्रिंग हातात आल्यावर फाँट करतो. ल्युआ ५.१ स्ट्रिंग बाइटमध्ये मोजते. देवनागरीचा प्रत्येक कोड यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा. "श्री" म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, चार कोड, बारा बाइट. बारा ठोक्यांपैकी आठ ठोक्यांना कोड अर्धवटच असतो, म्हणून तुमचे चौकोन. कोडने मोजलं की चौकोन जातात, पण अक्षर रूप बदलत राहतं, कारण प्रत्येक ठोक्याला फाँटला वेगळा शब्द दिसतो. आख्ख्या अक्षरगटाने तोडली तर रूप बदलायचं थांबेल, पण मधोमध जुळवलेली ओळ तरीही सरकणारच, तिची लांबी बदलतेय ना. हे भांडण जिंकण्यासारखं नाही.

ओळ पूर्ण ठेवा, तयार, जागच्या जागी. ती ज्या खिडकीतून दिसते ती खिडकी रुंद करत न्या. फाँटला पहिल्या क्षणापासून पूर्ण ओळ मिळते, काही हलत नाही, काही बदलत नाही.

ही खिडकी म्हणजे रेनमीटरचा कंटेनर. (पर्यायांची नावं मी बोलतो तशी लिहितोय, फाइलमध्ये ती इंग्रजीतच जाणार.) कोणत्याही मीटरला (स्किनमधला पडद्यावर दिसणारा एकेक घटक) कंटेनर असा पर्याय देऊन समोर दुसऱ्या मीटरचं नाव लिहायचं. त्या दुसऱ्या मीटरचे पिक्सेल जिथे अपारदर्शक, तिथेच आतला मीटर दिसतो. म्हणजे तुमचं कोरलमधलं पॉवरक्लिपच, एका आकाराच्या आत दुसरं चित्र कापून बसवणं. दोन फरक ध्यानात ठेवा. कोरलमध्ये पॉवरक्लिपच्या चौकटीचा रंग आणि आउटलाइन दिसतात, इथे कंटेनर स्वतः काढलाच जात नाही. त्याचा रंग कोणताही द्या, फक्त अल्फा (अपारदर्शकता, ० ते २५५) मोजला जातो. आणि कोरलमध्ये एकात एक पॉवरक्लिप घालता येतं, इथे नाही. कंटेनर झालेला मीटर दुसऱ्या कंटेनरच्या पोटात जात नाही.

करायचं असं. एक शेप मीटर घ्या, नाव द्या मास्क१. त्यात एक आयत, फिल पांढरा, अल्फा २५५. आयताची रुंदी एका व्हेरिएबलमधून येऊ द्या आणि त्या मीटरला डायनॅमिक व्हेरिएबल्स १ करा, नाहीतर व्हेरिएबल बदलूनही आयत ढिम्म हलणार नाही. मीटरची स्वतःची रुंदी-उंची मात्र कायमची लिहून टाका, समजा ४२० आणि ६६. वाढायचा तो आतला आयत, मीटर नाही. मग तुमच्या ओळीच्या स्ट्रिंग मीटरला कंटेनर म्हणून मास्क१ द्या. एक्स आणि वाय आता स्किनच्या नाही, कंटेनरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजले जातात हे विसरू नका. लोकांचा मजकूर "गायब" होतो तो बहुतेक वेळा इथेच. मजकूर असतो, खिडकीच्या बाहेर पडलेला असतो.

स्ट्रोकविड्थ ० लिहायला चुकू नका. शेपला न सांगता एक पिक्सेलची बाह्यरेषा असते आणि तीही मास्कमध्ये धरली जाते. खिडकी पूर्ण मिटलेली असतानाही डाव्या कडेला अक्षराची कोर दिसत राहते. काउंटरच्या मॉनिटरवर लांबून ती मेलेल्या पिक्सेलसारखी दिसते.

आता हलवणं. बरेच जण स्किनचा मुख्य अपडेट १००० मिलिसेकंदांवरून १६ वर आणतात आणि खुश होतात. तसं करू नका, आणि चार जीबीच्या पीसीवर तर नकोच. १६ म्हणजे सेकंदाला बासष्टच्या वर फेऱ्या, आणि त्या प्रत्येक फेरीत तुमची तारीख, घड्याळ, जे काही स्किनमध्ये आहे ते सगळं विनाकारण मोजलं जातं, दिवसभर, दुकान बंद होईपर्यंत. अपडेट १००० च ठेवा. ॲनिमेशनसाठी ॲक्शनटायमर नावाचा प्लगइन रेनमीटरसोबतच येतो. त्यात ॲक्शनलिस्ट१ मध्ये लिहायचं: रिपीट, कृतीचं नाव, १६, २४. म्हणजे ती कृती १६ मिलिसेकंदांच्या अंतराने २४ वेळा. कृतीत तीनच गोष्टी: पायरीच्या व्हेरिएबलमध्ये एक मिळवा, मास्क१ ला अपडेटमीटर करा, रिड्रॉ करा. रिड्रॉ राहिला तर आतल्या आत सगळं बदलतं आणि पडद्यावर काही दिसत नाही. ॲक्शनटायमरच्या मेझरलाही (मेझर म्हणजे न दिसता किंमत मोजणारा किंवा काम करणारा घटक) डायनॅमिक व्हेरिएबल्स १ हवंच. ओळीचा मीटर परत परत अपडेट करायची गरज नाही, ती आहे तशीच आहे, बदलतेय ती खिडकी.

एवढ्यावर सोडलं तर आयत सरळ चालीने वाढेल आणि ते शटर उघडल्यासारखं दिसेल. पायरीला २४ ने भागा, येणाऱ्या अपूर्णांकाला ट म्हणू. रुंदी = ४२० गुणिले, १ वजा (१ वजा ट) चा घन. रेनमीटरच्या सूत्रांत घातासाठी दोन फुल्या चालतात. अर्धा वेळ गेला तेव्हा ट अर्धा, त्याचा घन एक अष्टमांश, म्हणजे ओळ साडेसत्त्याऐंशी टक्के उघडलेली असते, ३६७ पिक्सेलच्या पुढे. उरलेला अर्धा वेळ ती शेवटच्या पन्नासेक पिक्सेलवर घालवते. सुरुवातीला झपकन आणि शेवटी सावकाश. आख्खा प्रकार चारशे मिलिसेकंदांच्या आत संपतो.

आणि एक आगाऊ सल्ला, मागितला नसताना. मी भोसरी एमआयडीसीत मशीनचे पॅनल बनवतो, टच स्क्रीनवर बटणं नि आलेख मांडतो. तिथे नियम असा की जे हललं त्याकडे ऑपरेटर बघणार, म्हणून बघण्यासारखं असेल तेच हलवायचं. तुम्ही रिफ्रेश मारल्यावर सगळ्या ओळी उघडायला लावल्या तर कोणतं काम नवीन हे कुणाला कळणार नाही. नवीन काम कायम पहिल्या ओळीत घाला आणि फक्त तीच उघडा. बाकीच्या ओळी गप उभ्या राहू द्या. रिफ्रेशनंतर आपोआप चालू होण्यासाठी ऑनरिफ्रेशॲक्शनमध्ये कमांडमेझरने ॲक्शनटायमरला "एक्झिक्यूट १" सांगा.

—

जुनी_खोड:

खटपट्याजींनी सगळं सांगितलंच आहे. फक्त जुन्या स्किन उघडून बघणाऱ्यांसाठी: कंटेनर येण्याआधी हेच काम आम्ही बार मीटरवर भागवत होतो. बारला बारइमेज म्हणून चित्र दिलं की मेझरची किंमत जितकी टक्के, तितकंच चित्र दिसतं. दिशा आडवी करायची आणि कॅल्क मेझर शून्यापासून एकपर्यंत पळवायचा. मजकूर मात्र आधी फोटोशॉपमध्ये पीएनजी करून घ्यावा लागायचा, कारण बारमध्ये चित्रच जातं. दर बदलाला नवीन पीएनजी. ते दिवस गेले ते बरंच झालं.

इमेज मीटरला मास्कइमेजनेम म्हणूनही एक पर्याय आहे. लोगो किंवा फोटो ठरावीक आकारात कापून ठेवायचा असेल तर तो पुरेसा. हलवायचं असेल तर कंटेनर.

—

पॉवरक्लिप:

खटपट्या दादा, लई भारी. तासाभरात चालू झालं. पहिली ओळच उघडते, बाकीच्या गप. पुतण्याचं तोंड बघण्यासारखं झालंय.

आता तीन तक्रारी. एक, "वर्षश्राद्ध" लिहिलं तर रफार वरून कापला जातो, आणि दीर्घ वेलांटीचा गोलही थोडा चपटा. दोन, आज यादीची नवीन फाइल नोटपॅडमध्ये बनवली तर पडद्यावर मराठीच्या जागी भलतंच काहीतरी, इंग्रजी ए-च्या डोक्यावर तिरकी रेघ, पुढे रुपयाचं नव्हे पण कसल्या तरी चलनाचं चिन्ह, असं ओळभर. जुनी फाइल व्यवस्थित दिसते. तीन, बायको म्हणते उघडताना पुढची कड सुरीने कापल्यासारखी दिसते, जरा मऊ करता येईल का.

—

एकओळी:

फाइल यूटीएफ-१६ एलई मध्ये सेव्ह करा.

—

खटपट्या:

एकओळींनी दुसऱ्या तक्रारीचं उत्तर दिलंच. कारण सांगतो, म्हणजे परत अडणार नाही. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नोटपॅड नवीन फाइल न विचारता यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. रेनमीटर तिला साधी इंग्रजी फाइल समजून एकेक बाइट वेगळा वाचतो. देवनागरीचा पहिला बाइट कायम तोच, म्हणून दर अक्षराला तोच तिरक्या रेघेचा ए. आणि नीट बघा, मधूनच जपानी येनचं चिन्ह दिसेल. ते दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्या जागी येतं, कारण ती पुढच्या गटात बसतात. सेव्ह ॲजमध्ये खाली एन्कोडिंग असतं, तिथे यूटीएफ-१६ एलई निवडा. मुख्य फाइल आणि इन्क्लूड फाइल, दोन्ही. तुमची जुनी फाइल आधीपासून तशीच असणार.

रफार: खिडकीची उंची नुसत्या अक्षराला पुरते, रफाराला नाही. मास्क१ चा वाय आठ-दहा पिक्सेल वर घ्या, उंची तेवढीच वाढवा आणि आतल्या ओळीचा वाय तेवढाच खाली. ओळ जागेवरच राहील. खालीही उकारासाठी जागा सोडा, "शु" चा उकार कापला गेला तर पत्रिकेवाल्यांना आवडणार नाही.

मऊ कड: वहिनींचं बरोबर आहे. आयताचा फिल सपाट रंगाऐवजी लिनिअर ग्रेडियंट करा. ० ते ०.८५ पर्यंत अल्फा २५५, तिथून १ पर्यंत उतरत शून्य. अर्धवट अल्फा असेल तिथे अक्षर अर्धवटच दिसतं, त्यामुळे पुढची कड विरत जाते. उलट्या बाजूला विरली तर कोनात १८० मिळवा. आणि शेवटची रुंदी ओळीपेक्षा बरीच जास्त ठेवा, मीटरच्या रुंदीसकट. नाहीतर उघडून झाल्यावरही शेवटचं अक्षर कायमचं फिकं राहील. ४२० ची ओळ असेल तर ५०० पर्यंत न्या, पंधरा टक्के म्हणजे ७५ पिक्सेलचा उतार ओळीच्या बाहेर पडतो.

—

रेघोटी:

धागा वाचून राहवलं नाही. मी अक्षरलेखन करते, रेनमीटर गेल्या वर्षीच लावलं.

डावीकडून पुसत नेल्यासारखी ओळ उघडणं ठीक आहे, पण ते कोणत्याही लिपीला चालतं. देवनागरीला तिची स्वतःची चाल असू शकते. आधी शिरोरेखा धावत जावी, मग अक्षरं तिच्याखाली उतरावीत आणि सगळ्यात शेवटी वेलांट्या, मात्रा, रफार वर उगवावेत. शाळेत आपण उलटं करतो, आधी अक्षरं आणि मग वर रेघ ओढतो, पण डोळ्याला रेघ आधी आलेली बरी वाटते. ओळ किती लांब आहे ते पहिल्या क्षणीच समजतं.

मी हे करून बघितलं. पहिल्यांदा मनात येतं ते असं की एक पातळ आयत काढावा, तो वाढवावा आणि नंतर त्याखाली मजकूर उघडावा. तसं करू नये. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ सलग नसते. "शुभविवाह" मधला भ बघा, डावीकडची गाठ मोकळी, रेघ उजवीकडच्या दांड्यावर तेवढी. तुम्ही सरसकट आयत ओढलात तर भ ची फट बुजते आणि तो म वाटायला लागतो. मजकूर उघडल्यावर आयत काढून टाकला तर फट अचानक उघडते आणि डोळ्याला झटका बसतो. शिवाय फाँटमधली रेघ नेमकी किती जाड आहे हे जुळवणं वेगळंच.

म्हणून रेघ वेगळी काढायचीच नाही. ओळीतलीच रेघ आधी उघडायची. म्हणजे त्याच ओळीच्या तीन प्रती, तीन कंटेनरांत. एक कंटेनर फक्त शिरोरेखेच्या उंचीइतका पातळ, एक त्याच्या खालचा, एक वरचा. पातळ कंटेनरमध्ये अक्षरांचा तेवढाच पट्टा दिसतो, आणि तो अक्षरांचाच असल्यामुळे भ ची फट पहिल्यापासून जागेवर असते.

मला अडलं ते उंची मोजण्यात आणि जोडात. तीन तुकड्यांच्या मध्ये पुसट रेषा दिसते. खटपट्या, त्यावर काही?

—

खटपट्या:

हे मला सुचलं नसतं. पॅनलवर आम्ही "मोटर चालू" एवढंच लिहितो, त्याला कोण रेघ धावायला लावतंय. पण भ ची गोष्ट वाचून मुद्दाम करून बघितलं, आणि खरंच, आयताने "आभार" चा "आमार" होतो.

मोजायचं असं. ओळ साधी, कंटेनरशिवाय दाखवा, स्क्रीनशॉट घ्या, पेंटमध्ये आठपट मोठा करा आणि मीटरच्या वरच्या कडेपासून रेघ कितव्या पिक्सेलला सुरू होते ते मोजा. समजा मीटरची उंची ६६ आणि रेघ वरच्या २२ पिक्सेलनंतर सुरू होऊन चार पिक्सेल जाड आहे. मग मधला कंटेनर मूळ जागेपासून २२ खाली, उंची ४, आत ओळीचा वाय उणे २२. खालचा कंटेनर २६ खाली, उंची ४०, आत वाय उणे २६. वरचा मूळ जागीच, उंची २२, आत वाय शून्य. २२, ४ आणि ४० मिळून ६६, कुठे फट नाही, कुठे दुहेरी नाही.

तुमच्या जोडावरच्या पुसट रेषेचं कारण बहुतेक अपूर्णांक. कंटेनरची जागा साडेबावीस वगैरे आली की त्या कडेचा पिक्सेल अर्धा पारदर्शक होतो. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा पारदर्शक मिळून पूर्ण होत नाही, मधून मागचं दिसतं. सगळे वाय पूर्णांकात ठेवा. जागा सूत्रातून येत असेल तर राउंड लावा. पडद्याचं स्केलिंग किंवा फाँटचा आकार बदलला की परत मोजावं लागेल, त्याला इलाज नाही.

क्रम एकाच ॲक्शनलिस्टमध्ये बसतो. रिपीट रेघ, १६, २४. मग वेट ८०. मग रिपीट खाली, १६, १२. मग रिपीट वर, १६, ८. दोन आज्ञांच्या मध्ये उभी दांडी (|). सगळं मिळून पाऊण सेकंदाच्या थोडं वर. मधला कंटेनर रुंदीत वाढतो, खालचा उंचीत वरून खाली. वरचा खालून वर वाढायला हवा, म्हणून त्यात आयताचा वाय २२ वजा चालू उंची असा द्या, नाहीतर वेलांट्या आभाळातून पडल्यासारख्या येतात.

वेट ८० काढू नका. तेवढ्या थांब्याशिवाय रेघ आणि अक्षरं एकच हालचाल वाटतात आणि रेघोटींची सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक ओळीला हे करायची गरज मला तरी वाटत नाही. दुकानाच्या नावाला करा, दिवसातून एकदा, पीसी चालू झाल्यावर. कामांच्या यादीला साधं डावीकडून उजवीकडेच बरं, गिऱ्हाईक तिथे वाचायला बघतं.

—

रेघोटी:

राउंड लावला, रेषा गेली. यादीबद्दल मात्र पटलं नाही. पाऊण सेकंदात कुणाचं वाचायचं राहत नाही. लग्नाची पत्रिका न्यायला आलेल्या माणसाला "शुभविवाह" असं उमललेलं दिसलं तर तो चार लोकांना सांगेल. पण दुकान पॉवरक्लिप यांचं, त्यांनी ठरवावं.

—

पॉवरक्लिप:

नावाला रेघवाली, यादीला साधी. दोघांचंही राखलं. रेघोटी ताई, नाव उघडताना गिऱ्हाईक मोबाईलवर व्हिडिओ काढतंय, बोला आता.

एक शेवटचं. नावाच्या शेजारी दुकानाचा गोल लोगो आहे, माउस नेला की तो गोलाकार उघडावा आणि काढला की मिटावा असं केलंय. उघडतो छान, पण मध्येच माउस हलला की उघड-मीट उघड-मीट असा थरथरत राहतो. आणि गोल उघडण्यासाठी मी लंबवर्तुळाची त्रिज्या वाढवतोय, घड्याळाच्या काट्याने उघडायचा असेल तर?

—

खटपट्या:

थरथरण्याची दोन कारणं असतात, दोन्ही बघा. पूर्ण पारदर्शक पिक्सेलवर माउस आहे हे रेनमीटर धरतच नाही, माउस सरळ मागच्या डेस्कटॉपवर जातो. लोगो मिटला की माउसखाली काही उरत नाही, म्हणून "गेला" समजून मिटवतो, उघडला की "आला" समजून उघडतो. लोगोच्या जागी कंटेनरच्या बाहेर एक साधा मीटर ठेवा, सॉलिडकलर ०,०,०,१. अल्फा फक्त १, डोळ्याला दिसत नाही, माउसला दिसतो. मोठा ठेवा, लोगोपेक्षा चार पिक्सेल चारही बाजूंनी जास्त. माउसच्या दोन्ही कृती त्या मीटरवर लावा, लोगोवर नाही.

दुसरं, उघडणं अर्धवट असताना मिटणं सुरू होतं आणि दोन्ही याद्या एकाच व्हेरिएबलला दोन बाजूंना ओढतात. म्हणून उघडताना आधी "स्टॉप २", मग "एक्झिक्यूट १". मिटवताना उलटं. पायरी शून्यावर आणू नका, आहे तिथून परत फिरू द्या. मिळवणी-वजाबाकीला क्लॅम्प लावा, ० च्या खाली नाही आणि २४ च्या वर नाही. मग रिपीट कितीही चालू दे, बिघडत नाही.

काट्याने उघडायला राउंडलाइन मीटर घ्या, सॉलिड १ करून. तोही कंटेनर होऊ शकतो, शेपच हवा असं काही नाही. स्टार्टअँगल उणे ९० अंश म्हणजे वरून सुरुवात, पण तिथे कोन रेडियनमध्ये लागतो, म्हणून उणे पाय (π) भागिले दोन. रोटेशनअँगल दोन पाय. लाइनलेंग्थ लोगोच्या त्रिज्येपेक्षा थोडी जास्त. किंमत कॅल्क मेझरमधून, पायरी भागिले २४. आता मात्र कृतीत अपडेटमीटरच्या आधी त्या मेझरला अपडेटमेझर करावं लागेल, नाहीतर राउंडलाइनला जुनीच किंमत मिळेल.

—

एकओळी:

पॅकेज करून इथे टाकणार असाल तर फाँट कोणता आहे ते आधी बघा.

—

पॉवरक्लिप:

दुकानाच्या नावाला विकत घेतलेला फाँट आहे, तो देता येणार नाही. पॅकेजसाठी मुक्ता घालतो, त्याचा परवाना खुला आहे. रिसोर्सेसच्या फोल्डरमध्ये फाँट्सचं फोल्डर करून टाकला की समोरच्याला वेगळा बसवावा लागत नाही, एवढं मला माहीत आहे. फक्त फाँट बदलला की रेघेची उंची परत मोजावी लागणार, त्यामुळे रविवारी दुकान बंद असताना करतो. रेघोटी ताई, तुमच्या मुक्ताच्या फाइलमधले तीन आकडे असतील तर टाकून ठेवा, साइझ ३० साठी.

—

रेघोटी:

माझ्याकडे साइझ ३६ चे आहेत आणि पडद्याचं स्केलिंग १२५ टक्के. तुम्हाला उपयोग नाही. पेंट उघडा.